घरचं वायफाय सगळ्यांसाठी खुलं ठेवावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या वायफायचा पासवर्ड कुणाला द्यावा, कुणाला देऊ नये आणि दिला तर काय होतं, याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. तुमच्या वायफायवरून कुणी गैरवापर केल्याची नोटीस हातात घेऊन इथे पोचला असाल तर मधलं सगळं सोडा आणि थेट प्रश्न १७ वाचा.

१. माझ्या वायफायला पासवर्ड आहे, फक्त तो इमारतीत बऱ्याच जणांना माहीत आहे. मग ते खुलं म्हणायचं का?

तांत्रिक भाषेत नाही. खुलं म्हणजे पासवर्डच नसलेलं. त्यात राउटर आणि फोन यांच्यामध्ये हवेतून जाणारा मजकूर एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंद) होत नाही. तुमच्याकडे तो होतो. पण आपल्या जोडणीवर आत्ता कोण बसलं आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर जबाबदारीच्या हिशेबात दोन्ही सारखंच. त्यामुळे खाली 'खुलं' हा शब्द दोन्हींसाठी आला आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

२. मला डेटाची मर्यादाच नाही. कुणी थोडं वापरलं तर माझं काय जातं?

डेटा जात नाही, वेळ जातो. एका चॅनलवर एका क्षणी सहसा एकच उपकरण बोलू शकतं, बाकीची थांबतात. लांब, भिंतीपलीकडे बसलेला जुना फोन हळू बोलतो. तेवढाच मजकूर पाठवायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तोवर तुमचा नवा लॅपटॉप ताटकळत राहतो. स्पीड टेस्टमध्ये आकडा चांगला दिसतो, तरी व्हिडिओ कॉल अडखळतो तो अशाने.

दुसरं दुखणं अपलोडचं. बऱ्याच जोडण्यांवर अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा खूपच कमी असतो. पाहुण्याच्या फोनने हजार फोटोंचा बॅकअप सुरू केला की ती वाट भरते आणि घरातल्या सगळ्यांचं सगळंच रेंगाळतं. पाहुण्याला याचा पत्ताही नसतो. चांगल्या राउटरवर गेस्ट नेटवर्कला (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला, प्रश्न ९) वेगाची मर्यादा घालता येते, ती घाला.

तरीही हा सगळा त्रासाचा भाग झाला. धोका पुढच्या प्रश्नात आहे.

३. दुसऱ्याने काही केलं तर माझ्याकडे बोट कसं दाखवलं जाईल? त्याचा फोन वेगळा, माझा वेगळा.

बाहेरच्या जगाला फोन दिसतच नाहीत. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक खासगी पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो घराबाहेर पडत नाही. बाहेर जाताना राउटर सगळ्यांच्या मागण्यांवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) लावतो. वेबसाइटच्या नोंदीत मुख्यतः तो पत्ता आणि वेळ उरते. तपास करणारे इंटरनेट कंपनीला विचारतात की या वेळी हा पत्ता कुणाकडे होता, आणि कंपनी ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याचं नाव देते. तुमचं.

काही कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. म्हणून आपण गर्दीत लपलो, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक (त्या वेळच्या संपर्काला दिलेला आकडा) आणि नेमकी वेळ असेल तर कंपनी ग्राहकापर्यंत पोचते.

म्हणजे माग तुमच्या राउटरपर्यंत येऊन संपतो. त्यापुढे, घराच्या आत, कोणत्या फोनने काय केलं याची नोंद बहुतेक राउटर ठेवतच नाहीत. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण जणू आयपी पत्त्यासाठीच केली असावी.

४. असं खरंच कुणाबरोबर झालंय, की उगाच घाबरवताय?

झालंय, एकदा नव्हे. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या सुमाराला आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरातल्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरी तपास आधी त्याच्याच दारात आला.

२०११ मध्ये अमेरिकेत, बफेलो शहरात, तपास अधिकारी पहाटे एका माणसाच्या घरात घुसले. आरोप लहान मुलांच्या अश्लील चित्रांचा. काही दिवसांनी निष्पन्न झालं की वायफाय त्याचं, वापर शेजाऱ्याचा. राउटरला पासवर्ड नव्हता.

तिसरं उदाहरण जरा वेगळं, पण मला सगळ्यात बोलकं वाटतं. मिनेसोटा राज्यात एकाने शेजाऱ्याच्या वायफायचा पासवर्ड फोडला आणि शेजाऱ्याच्या नावाने अश्लील मजकूर आणि अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांना धमक्या पाठवल्या. हेतूच शेजाऱ्याला अडकवण्याचा. त्याला २०११ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली. इथे वायफाय खुलं नव्हतं, कुलूप कच्चं होतं (प्रश्न १०).

तिन्ही ठिकाणी जोडणीचा मालक निर्दोष निघाला. पण निर्दोष ठरेपर्यंत जे सोसावं लागलं, ते त्याच्याच वाट्याला आलं.

५. मग कायद्याने जबाबदार कोण? मी की करणारा?

गुन्हा करणाऱ्याचाच. वायफाय दिलं एवढ्याने तुम्ही गुन्हेगार होत नाही. मात्र 'निष्काळजीपणा' या मुद्द्यावर देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत.

जर्मनीतला प्रवास बघण्यासारखा आहे. १२ मे २०१० रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एक निकाल दिला. मालक सुट्टीवर गेलेला असताना कुणीतरी त्याच्या वायफायवरून एक गाणं फाइल शेअरिंगवर टाकलं होतं. न्यायालय म्हणालं, नुकसानभरपाई मालकाने देऊ नये, पण वायफाय नीट बंदिस्त केलं नाही म्हणून पुन्हा असं होऊ न देण्याची जबाबदारी त्याची, आणि नोटिशीचा खर्चही त्याच्यावर येऊ शकतो. पुढे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने एका दुकानदाराच्या मोफत वायफायबद्दल ठरवलं की ग्राहकांनी केलेल्या कॉपीराइटभंगाची भरपाई त्याच्याकडून मागता येणार नाही, मात्र पासवर्ड लावण्याची सक्ती करता येईल. २०१७ मध्ये जर्मनीने कायदा बदलून ही टांगती तलवार बरीचशी काढली. फ्रान्सने २००९ मध्ये उलट दिशा धरली: आपल्या जोडणीवरून कॉपीराइटचा भंग होणार नाही हे पाहणं हे ग्राहकाचंच कर्तव्य.

तेव्हा 'एका देशात चालतं' हे वाचून दुसऱ्या देशात दार उघडू नका.

६. उलट वायफाय खुलं असेल तर 'कुणीही केलं असेल, मी नाही' असं म्हणता येईल ना?

हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आपल्यालाच हे पहिल्यांदा सुचलं अशा थाटात विचारतो. म्हणता येईल, आणि कधीकधी ते खरंही असेल. पण हा बचाव तुमचे फोन, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क जप्त होऊन तपासल्या गेल्यावर उपयोगी पडतो. बफेलोच्या माणसाची सुटका उपकरणं तपासून आणि खरा वापरणारा सापडूनच झाली. शिवाय जिथे निष्काळजीपणालाच दंड आहे (प्रश्न ५), तिथे हे वाक्य बचाव नसून कबुली ठरतं.

७. वायफायवर आलेला माणूस माझ्या कम्प्युटरमधल्या फाइली बघू शकतो का?

मुख्य नेटवर्कवर असेल तर प्रयत्न नक्की करू शकतो. घराचं नेटवर्क विश्वासावर चालतं: आत आलेला तो घरचा, असं उपकरणं धरून चालतात. प्रिंटर कुणाचीही पानं छापतो, टीव्ही कुणाच्याही फोनवरचा व्हिडिओ दाखवतो. कम्प्युटरवर शेअर केलेला फोल्डर बिनपासवर्डचा असेल तर तोही उघडतो. कॅमेरे, स्मार्ट बल्ब, फाइली साठवणारी डिस्क ही मंडळी तर वर्षानुवर्षं अपडेट न होता पडून असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून बघत. मिराई इंटरनेटच्या बाजूने आला. तुमचा पाहुणा तर आतच बसलेला असतो, आणि त्याच्या नकळत त्याच्या फोनमध्ये काय बसलंय ते तोही सांगू शकणार नाही.

सगळ्यात नाजूक जागा खुद्द राउटरची. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड अजून 'ॲडमिन' असेल, तर आत आलेला कुणीही डीएनएस सर्व्हर बदलू शकतो. वेबसाइटचं नाव कोणत्या पत्त्यावर जातं हे डीएनएस ठरवतो. तो बदलला की घरातल्या प्रत्येक फोनला चुकीच्या पत्त्यावर पाठवता येतं, आणि पाहुणा निघून गेल्यावरही ते चालूच राहतं. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा. पहिला बदलून दुसरा तसाच ठेवणारेच जास्त भेटतात.

८. हल्ली जवळपास सगळ्या वेबसाइट एन्क्रिप्शन वापरतात. मग हवेतून कुणी काय चोरणार?

पूर्वीपेक्षा खूपच कमी. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक छोटं जोडसाधन आलं आणि खुल्या वायफायवर शेजारी बसलेल्याचं फेसबुक खातं एका क्लिकवर उघडू लागलं, कारण तेव्हा अनेक साइट लॉगिननंतर एन्क्रिप्शन सोडून देत. आता तसं राहिलेलं नाही. पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे नाव अजूनही बऱ्याचदा दिसतं.

पासवर्ड असलेल्या नेटवर्कबद्दल एक गैरसमज आहे. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर तो माहीत असलेला माणूस तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण पकडून पुढचा मजकूर उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही पळवाट बंद झाली. अर्थात त्याच नावाचा आणि त्याच पासवर्डचा नकली राउटर उभा करणं पासवर्ड माहीत असलेल्याला तरीही जमतं, आणि फोन ओळखीचं नाव दिसलं की आपणहून जोडला जातो.

९. गेस्ट नेटवर्क चालू केलं. आता निर्धास्त राहू का?

आतल्या धोक्यांबाबत बरंचसं, बाहेरच्यांबाबत अजिबात नाही. गेस्ट नेटवर्क म्हणजे ओसरी. पाहुण्याने तिथे बसावं, माजघरात येऊ नये. तुमचा प्रिंटर, डिस्क, राउटरचं पान त्याला दिसू नये ही त्यामागची सोय. पण ओसरीतून बाहेर जायचा दरवाजा तोच, म्हणून सार्वजनिक आयपी पत्ताही तुमचाच. प्रश्न ३ मधलं सगळं जसंच्या तसं लागू.

तपासून मात्र घ्या. स्वतःचा फोन गेस्टवर जोडा आणि राउटरचं पान किंवा प्रिंटर उघडतो का ते बघा. काही स्वस्त राउटरांवर 'गेस्ट' हे नुसतं दुसरं नाव असतं. एका पाहुण्याचा फोन दुसऱ्या पाहुण्याला दिसू न देणारं सेटिंग बऱ्याचदा वेगळं असतं, तेही चालू करा.

१०. राउटर जुना आहे. पासवर्ड आहे म्हणजे सुरक्षित ना?

सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी (एन्क्रिप्शनची जुनी पद्धत) लिहिलेलं असेल तर नाही. त्यातली खोट २००१ मध्येच जाहीर झाली आणि २००७ पर्यंत तो मिनिटभरात फोडता येऊ लागला. किमान डब्ल्यूपीए२ हवं, राउटर आणि फोन दोन्हीला झेपत असेल तर डब्ल्यूपीए३.

दुसरं, डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता उपकरण जोडायच्या सोयीचा) पिन बंद करा. तो आठ आकडी, म्हणजे कोट्यवधी शक्यता असं वाटतं. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्ये उघड झालं. नवे राउटर चुकीच्या प्रयत्नांनंतर पिन गोठवतात, जुन्यांचा भरवसा नाही.

११. नेटवर्कचं नाव लपवलं आणि फक्त ठराविक मॅक पत्त्यांना (उपकरणांच्या ओळखक्रमांकांना) आत घेणारी यादी लावली तर?

वेळ वाया. लपवलेलं नाव कुणी जोडलं गेलं की हवेत दिसतंच, आणि मॅक पत्ता कुणालाही बदलता येतो. हल्लीचे फोन तर प्रत्येक नेटवर्कसाठी आपणहून वेगळा मॅक पत्ता वापरतात. त्यामुळे यादीने चोर अडत नाही, घरचेच बाहेर राहतात.

१२. मी एकालाच पासवर्ड दिला होता, आता यादीत अनोळखी फोन दिसतात. कसं काय?

त्याने पुढे दिला. तोंडाने सांगायचीही गरज नाही. अनेक फोन जतन केलेल्या वायफायचा क्यूआर कोड दाखवतात, दुसऱ्याने तो स्कॅन केला की झालं. पासवर्ड म्हणजे उसनी दिलेली किल्ली नव्हे, तो परत घेता येत नाही. शेजारच्या मुलाला परीक्षेपुरता म्हणून मी एकदा दिला होता. चार महिन्यांनी राउटरची यादी उघडली तर माणसं घरात तीन आणि उपकरणं एकोणीस. त्यातली काही आमचीच निघाली, हे खरं, पण सगळी नाही.

उपाय एकच: गेस्टचा पासवर्ड बदलत राहणं. मुख्य पासवर्ड कुणाला दिलाच नसेल तर याला दोन मिनिटं लागतात. दिला असेल तर घरातला प्रत्येक टीव्ही आणि बल्ब पुन्हा जोडत बसावं लागतं, आणि नेमका त्याच कंटाळ्यापायी तो वर्षानुवर्षं बदलला जात नाही.

१३. शेजारी आणि मी मिळून एकच जोडणी घेतो, बिल अर्धं-अर्धं. यात काय वाईट?

दोन गोष्टी बघा. एक, कंपनीचा करार. घरगुती जोडणी त्या घराबाहेर वाटणं किंवा पैसे घेऊन देणं अनेक करारांत मना असतं, आणि पैसे घेतले की काही ठिकाणी तुम्ही सेवा विकणारे ठरता. दोन, नाव एकाचंच असतं. बिल निम्मं झालं तरी नोटीस निम्मी होत नाही.

१४. पाहुण्यांचं सगळं व्हीपीएनमधून (दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमार्गे) पाठवलं तर माझा पत्ता दिसणार नाही ना?

समोरच्या साइटला व्हीपीएनचा पत्ता दिसेल, हे खरं. खुलं वायफाय चालवणारे काही जण हेच करतात आणि बऱ्याच नोटिशी अशाने टळतात. पण व्हीपीएनचं खातं तुमच्या नावावर असतं आणि तक्रारी वाढल्या तर तेच बंद होतं. कायद्याचा प्रश्न एक घर पुढे सरकतो, मिटत नाही. वापरायचंच असेल तर ते राउटरवर, फक्त गेस्ट नेटवर्कसाठी लावा. पाहुण्याने आपल्या फोनवर लावावं या भरवशावर राहू नका.

१५. कोण कधी जोडलं गेलं याची नोंद ठेवू का?

जोडणीच्या वेळा आणि उपकरणांची नावं ठेवा, कामी येऊ शकतात. मात्र मॅक पत्ते बदलत असल्याने (प्रश्न ११) हा पक्का पुरावा मानू नका. कोण काय बघतं याची नोंद ठेवायच्या फंदात पडू नका. ती दुसऱ्याची खासगी माहिती आहे, आणि ती गोळा केल्याने एक नवीच कायदेशीर जबाबदारी गळ्यात पडू शकते.

१६. वाईट साइट बंद केल्या तर पुरे का?

क्वाड९ सारखी डीएनएस सेवा (पत्ता ९.९.९.९) मालवेअरच्या साइट अडवते, मोफत आहे, लावून टाका. पण ती अजाणत्या पाहुण्याला वाचवते. मुद्दाम काही करणारा माणूस आपलं डीएनएस बदलून पुढे जातो.

१७. नोटीस आली आहे किंवा पोलिसांचा फोन आला आहे. आता काय करू?

घाईने राउटर रीसेट करू नका, काही पुसू नका. भीतीपोटी पुसलेली नोंद नंतर पुरावा नष्ट केल्यासारखी दिसते. वायफायचा पासवर्ड लगेच बदला, पण आधी जोडलेल्या उपकरणांच्या यादीचे आणि सेटिंगचे फोटो काढून ठेवा. कुणाकुणाला पासवर्ड दिला होता ते तारखांसह आठवेल तसं लिहून काढा. नोटीस ईमेलने आली असेल आणि त्यात लिंकवर पैसे भरायला सांगितलं असेल, तर ती खरी आहे का ते कंपनीला स्वतः फोन करून विचारा. खोट्या नोटिशींचाही एक धंदा आहे. खरी असेल तर काहीही लिहून देण्याआधी वकील गाठा. 'शेजाऱ्यानेच केलं असणार' असं अंदाजाने कुणाचं नाव घेऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे दोनदा व्हायला नको.

१८. हे सगळं कळलं, तरी मला वायफाय खुलं ठेवायचंच आहे. मी वेडा आहे का?

नाही. सुरक्षा क्षेत्रातले जाणकार ब्रूस श्नायर यांनी २००८ मध्ये उघडपणे लिहिलं होतं की आपण घरचं वायफाय खुलं ठेवतो, वाटसरूला इंटरनेट देणं हा साधा शिष्टाचार आहे, आणि कुलूप कम्प्युटरला लावावं. जर्मनीतली फ्रायफुंक ही स्वयंसेवकांची चळवळ या शतकाच्या सुरुवातीपासून लोकांच्या राउटरमधून खुली नेटवर्कं चालवते आहे. त्यांनी बाहेर जाणारी वाहतूक अनेकदा संस्थेच्या पत्त्यावरून वळवली, म्हणजे एकेका घरमालकावर बोट येत नाही. एकट्याने दार उघडण्यात आणि संस्थेमागे उभं राहून उघडण्यात हा मोठा फरक आहे. तुमच्या भागात असा गट असेल तर त्यांच्यासोबत करा.

एकट्यानेच करणार असाल तर कायदा तपासा (प्रश्न ५), करार वाचा (प्रश्न १३), गेस्ट नेटवर्क खरोखर वेगळं असल्याची खात्री करा (प्रश्न ९) आणि त्यावर वेगाची मर्यादा घाला. राउटरला 'एन्हान्स्ड ओपन' जमत असेल तर ते निवडा. त्यात पासवर्ड नसतो, तरी प्रत्येक फोनचा मजकूर वेगळा एन्क्रिप्ट होतो. नकली राउटर मात्र त्यानेही ओळखता येत नाही.

१९. पूर आला, मोबाइलचे टॉवर बंद पडले. तेव्हाही पासवर्ड लपवून ठेवायचा का?

नाही, द्या. काही तासांसाठी गेस्टचा पासवर्ड काढून टाकलात तरी चालेल, लोकांना घरी निरोप पोचवता येऊ दे. कधी उघडलं आणि कधी बंद केलं ते कागदावर लिहून ठेवा. फक्त वीज आणि टॉवर परत आले की बंद करायचं लक्षात ठेवा, कारण नेमकं तेच राहून जातं. बऱ्याच राउटरांवर गेस्ट नेटवर्क ठराविक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय असते, चालू करतानाच ती वेळ लावून टाका.